बटणं कमी शिका, पण पक्की शिका

वाचकाचं पत्र: गेली अठरा वर्षं मी ग्राहकसेवा आणि संवादकौशल्याचं प्रशिक्षण देते. व्हाइटबोर्ड, गटचर्चा आणि रोल-प्ले यांवर माझी सत्रं चालतात आणि चांगली चालतात. आता संस्थेनं ठरवलंय की प्रत्येक सत्रात स्लाइड, व्हिडिओ आणि मोबाइलवरची प्रश्नमंजूषा हवीच. शिवाय निम्मी सत्रं ऑनलाइन होणार आहेत. मागच्या सत्रात प्रोजेक्टरवर नुसता निळा पडदा दिसत राहिला. एका तरुण सहभागीनं उठून दोन बटणं दाबली आणि चित्र आलं. मग व्हिडिओ लावला, तर आवाज नाही. पंचवीस माणसांसमोर दहा मिनिटं मी लॅपटॉपशी झटत होते. तेव्हापासून सत्राच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. हे आपल्याला जमणारं नाही, असं मान्य करून बाजूला व्हावं का? आणि शिकायचं तर किती, आणि सुरुवात कुठून?

— एक प्रशिक्षिका

ताई,

बाजूला होण्याचं काहीच कारण नाही. तुमच्या पत्रातल्या दोन्ही अडचणी प्रोजेक्टर वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतात आणि दोन्हींची कारणं ठरलेली आहेत. कारण माहीत नसलं की माणूस दिसेल ते बटण दाबत सुटतो. ते माहीत असलं की तीन-चार जागा क्रमानं तपासतो. त्या तरुणाला तो क्रम ठाऊक होता, एवढंच. तर आधी तोच शिकू.

निळा पडदा किंवा ‘नो सिग्नल’ दिसतं, याचा अर्थ प्रोजेक्टर ठीक आहे, पण त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाहीये. चित्र लॅपटॉपमधून निघतं, केबलमधून जातं आणि प्रोजेक्टरच्या एका पोर्टमध्ये, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, शिरतं. शोध उलट्या दिशेनं घ्यायचा, म्हणजे प्रोजेक्टरपासून. त्याच्या मागे सहसा दोन-तीन पोर्ट असतात: एचडीएमआय १, एचडीएमआय २, कधी जुना व्हीजीए. केबल एका पोर्टमध्ये आणि प्रोजेक्टर मात्र दुसऱ्याच पोर्टकडे डोळे लावून बसलेला, असं सर्रास होतं. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून केबल जिथे आहे ते नाव निवडा. तरी चित्र नाही, तर केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा दाबून बसवा. एचडीएमआयला स्क्रू नसतो, त्यामुळे टोक किंचित सुटलं तरी ते बसलेलंच दिसतं.

आता लॅपटॉप. विंडोज की धरून ठेवा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ असेल तर चित्र बाहेर जाणारच नाही. ‘डुप्लिकेट’ म्हणजे तुमच्यासमोर जे दिसतंय तेच पडद्यावर. ‘एक्स्टेंड’ म्हणजे पडदा ही वेगळी, जोडलेली जागा. या पर्यायावर पडद्यावर नुसतं वॉलपेपर दिसतं, फाइल मात्र लॅपटॉपवरच राहते, आणि नवख्या माणसाला वाटतं की काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. तुम्ही सध्या ‘डुप्लिकेट’च ठेवा. आपल्या टिपा फक्त आपल्यालाच दिसाव्यात अशी सोय हवी असेल तर ‘एक्स्टेंड’ लागतं, पण पहिली चार-पाच सत्रं त्या टिपा कागदावर छापून घ्या. एका वेळी एकच नवी गोष्ट. मॅक असेल तर हेच काम डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘मिरर’नं होतं.

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसेल तर टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो, आणि इथे एक गोम आहे. प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर पाठवत नाही. काही फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात, पण बाहेरून सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर चाललेला कन्व्हर्टर तुमच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. विकत घेण्याआधी तुमच्याच लॅपटॉपवर लावून पाहा.

आवाजाचं कारण याहून सोपं आहे. एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते. ती जोडली की लॅपटॉप बहुतेक वेळा समजतो, आता आवाज तिकडूनच यायला हवा, आणि आपले स्पीकर गप्प करतो. तिकडे प्रोजेक्टरचा स्पीकर एवढासा असतो, नसतो, किंवा कुणीतरी म्यूट करून ठेवलेला असतो. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. आवाजाच्या पट्टीशेजारी बाण किंवा छोटं चिन्ह असतं, त्यातून आवाज कुठून काढायचा ते निवडता येतं. लॅपटॉपचे स्पीकर, सभागृहाची ध्वनियंत्रणा, किंवा तुम्ही आणलेला स्पीकर. व्हीजीए केबल आवाज नेतच नाही. ती असेल तर आवाजासाठी हेडफोनच्या छिद्रातून वेगळी वायर काढावीच लागते. आणि पंचवीस जणांच्या खोलीत लॅपटॉपचे स्पीकर मागच्या रांगेला पुरत नाहीत, हे गृहीत धरूनच चला.

व्हिडिओबद्दल एक नियम कसोशीनं पाळा: सत्रात इंटरनेटवरून व्हिडिओ लावायचा नाही. स्वतःचा किंवा वापरण्याची परवानगी असलेला व्हिडिओ एमपी४ फाइल म्हणून लॅपटॉपवर ठेवा आणि ‘इन्सर्ट’मधून थेट स्लाइडमध्ये घाला. जुन्या प्रेझेंटेशनमध्ये व्हिडिओ स्लाइडच्या आत नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर गेली की तो पत्ता खोटा ठरतो आणि काळी चौकट उरते. म्हणून सत्राच्या लॅपटॉपवर सत्राआधी प्रत्येक व्हिडिओ निदान पहिले दहा सेकंद वाजवून पाहायचा. अगदी प्रत्येक.

आणखी दोन बिघाड सांगून ठेवतो, कारण ते हमखास भेटतात. पहिला क्लिकरचा, म्हणजे स्लाइड पुढेमागे करायच्या छोट्या रिमोटचा. बॅटरी ठीक आहे, पण स्लाइड पुढे सरकत नाही. क्लिकर म्हणजे दूरवरून दाबलेली ‘पेज डाउन’ की असते, आणि ती की ज्या खिडकीवर शेवटचं क्लिक झालं तिथेच लागू होते. मध्येच तुम्ही ब्राउझर उघडला असेल, तर क्लिकर बिचारा ब्राउझर खाली सरकवत बसतो. स्लाइडवर एकदा माउसनं क्लिक करा, तो परत कामाला लागतो. त्या क्लिकनं एखादी स्लाइड पुढे गेली तर मागे घ्या. दुसरा बिघाड मराठी अक्षरांचा. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर गेलं की त्याची निरर्थक इंग्रजी चिन्हं होतात. स्लाइड युनिकोडमध्येच लिहा. मंगल, निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल. शिवाय त्याच प्रेझेंटेशनची एक पीडीएफ प्रत जवळ ठेवा. पीडीएफमध्ये हालचाल आणि व्हिडिओ नसतात, पण अक्षरं आणि मांडणी जशीच्या तशी राहतात.

हे सगळं वाचून लक्षात राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही. हाताला सवय लावायची आहे, आणि त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. एचडीएमआय पोर्ट असलेला कुठलाही टीव्ही प्रोजेक्टरसारखाच वागतो. लॅपटॉप त्याला जोडा, मग मुद्दाम बिघडवा. केबल अर्धी ओढा, टीव्हीचा सोर्स बदला, विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ करा, आवाज भलतीकडे वळवा. शक्य असेल तर हे दुसऱ्या कुणाला करायला सांगा, तुम्ही खोलीबाहेर थांबा, मग आत येऊन क्रमानं शोधा. वीस मिनिटांचा असा सराव तीन वेगवेगळ्या दिवशी केलात की निळ्या पडद्याची धास्ती उतरेल. त्यानंतर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तो क्रम स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांत लिहा आणि लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्याची छापील यादी घाईत उपयोगी पडत नाही, कारण तिच्यातले शब्द तुमच्या पडद्यावर सापडत नाहीत.

त्याच पिशवीत आणखी थोडं सामान कायमचं असू द्या: तीन मीटरची एचडीएमआय केबल, लागत असेल तर कन्व्हर्टर, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, क्लिकरच्या जादा बॅटऱ्या, आणि पेनड्राइव्हवर प्रेझेंटेशन, पीडीएफ व व्हिडिओ. फाइल स्वतःला ईमेलही करून ठेवा. लॅपटॉपच बंद पडला तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत उभं राहता येतं.

आता तुमचा खरा प्रश्न: किती शिकायचं? आमचं ठाम मत आहे की अ‍ॅपच्या नावांपासून सुरुवात करू नये. नावं येतात आणि जातात. गूगलचं जॅमबोर्ड हे ऑनलाइन फळ्याचं अ‍ॅप अनेक प्रशिक्षकांनी मन लावून शिकून घेतलं होतं, ते २०२४च्या अखेरीस बंद झालं. स्काइप मे २०२५मध्ये बंद झालं. सुरुवात तुमच्या सत्रातल्या क्षणापासून करा. तुम्ही आज ‘किती जणांना वाटतं की…’ म्हणून हात वर करायला सांगता तो क्षण आठवा. तिथे काय होतं? दोन-तीन धीट माणसं हात वर करतात, बाकीचे त्यांच्याकडे बघून करतात, आणि गप्प बसलेल्या पंधरा जणांच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळत नाही. इथे मोबाइलवरचं मतदान खरोखर उपयोगाचं आहे, कारण प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं आणि कुणाचं काय हे इतरांना दिसत नाही.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१पासून यावर बेतलेली पद्धत वापरत आले. प्रश्न दाखवायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचा प्रयत्न करायचा, आणि पुन्हा मत द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर ही चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असेल तर मुद्दाच पुन्हा शिकवावा लागतो. त्याहून जास्त असेल तर थोडक्यात समजावून पुढे जायचं. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मतदान इलेक्ट्रॉनिक क्लिकरनं (इथे मत देण्याचा छोटा रिमोट) घेतलं की कागदी कार्डांनी, याची नंतर तुलना झाली, तेव्हा शिकण्यात फरक आढळला नाही. शिकवण्याचं काम शेजाऱ्याशी झालेली चर्चा करते, आणि चर्चा घडवण्यात तुमचा हातखंडा आहे. यंत्राचं काम फक्त मतं गोळा करण्याचं.

म्हणून मेंटिमीटर, स्लायडो, कहूट या मोबाइलवर मतदान घेणाऱ्या साधनांपैकी एकच घ्या आणि पुढचे तीन महिने दुसऱ्याकडे पाहू नका. कहूटमध्ये घड्याळ आणि गुणांची शर्यत असते. उजळणीला ती छान, पण ग्राहकाशी कसं बोलावं यासारख्या विचार करायला लावणाऱ्या प्रश्नाला घाई मारक ठरते. तुमच्या विषयाला साधं मतदान जास्त मानवेल. प्रश्न असा करा: ‘ग्राहक आवाज चढवून बोलतोय. तुमचं पहिलं वाक्य कोणतं?’ आणि चार पर्याय असे द्या, जे तुमच्या प्रशिक्षणार्थींनी रोल-प्लेमध्ये खरोखर उच्चारले आहेत. अठरा वर्षांत ऐकलेल्या चुका हाच तुमचा प्रश्नसंच आहे. उघड चुकीचे पर्याय घातले तर सगळेच बरोबर उत्तर देतात आणि बोलायला काही उरत नाही. पहिल्या फेरीचा निकाल पडद्यावर दाखवू नका. निकाल लपवण्याची सोय असते, ती आधीच शोधून ठेवा. निकाल दिसला की सगळे बहुमताकडे झुकतात. शेजाऱ्याशी बोलायला तीन मिनिटं द्या, पुन्हा मत घ्या, आणि मग दोन्ही निकाल समोर ठेवा. एका सत्रात असे तीन प्रश्न भरपूर झाले.

पहिल्यांदा पंचवीस जणांना मोबाइलवर जोडून घ्यायला चार-पाच मिनिटं लागतात. हा वेळ आराखड्यात धरला नाही तर तिथूनच घाई सुरू होते. म्हणून पहिला प्रश्न बिनमहत्त्वाचा ठेवा: ‘आज किती लांबून आलात?’ असा काहीतरी. लोक येऊन बसत असतानाच तो पडद्यावर असू द्या. क्यूआर कोडसाठी एक ढोबळ माप आहे. स्कॅन करायचं अंतर जितकं, त्याच्या दहाव्या भागाइतका कोड मोठा हवा. शेवटची रांग पडद्यापासून आठ मीटरवर असेल तर पडद्यावर कोडची बाजू ऐंशी सेंटिमीटर. स्लाइडच्या कोपऱ्यात चिकटवलेला इवलासा कोड पुढच्या दोन रांगांपुरताच असतो. कोडखाली मतदानाच्या पानाचा पत्ता आणि तिथे टाकायचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहा, कारण काहींचा कॅमेरा साथ देत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा डेटा संपलाय, त्यांना शेजाऱ्याबरोबर एकाच फोनवर उत्तर द्यायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही, उलट चर्चा आधीच सुरू होते.

खोलीत नेटच नसेल तर? ए, बी, सी, डी लिहिलेली चार रंगांची कार्डं प्रत्येकासाठी पिशवीत ठेवा. ‘तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरायचं’ एवढी सूचना पुरते. याच्या मधला पर्याय म्हणजे प्लिकर्स. सहभागींकडे छापील कार्डं असतात, ती ज्या बाजूनं वर धरली ते उत्तर, आणि तुम्ही आपला फोन खोलीवरून फिरवला की तो सगळी उत्तरं टिपतो. फोन फक्त एकच लागतो, तुमचा.

सत्रानंतरच्या अभिप्रायाला गूगल फॉर्म पुरेसा आहे. त्यात दोन चुका वारंवार होतात. एक, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतली लिंक उचलून पाठवणं. ती फॉर्म बदलण्याची लिंक असते. भरण्याची लिंक फॉर्म ‘पब्लिश’ केल्यावर वेगळी मिळते. दोन, ‘एकदाच उत्तर द्या’ हे बंधन चालू राहणं. मग गूगल खात्यानं लॉगिन न केलेल्यांना फॉर्म भरताच येत नाही. कुठलीही लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खाजगी) खिडकीत उघडून पाहा. तिथे तुम्ही अनोळखी असता, त्यामुळे सहभागीला जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. सत्राच्या मध्यावर ‘परवानगी हवी’ अशा विनंत्यांचा पाऊस या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीनं टळतो.

स्लाइडबद्दल फार लांबवत नाही. अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत, आणि स्लाइडवर लिहिलेलं शब्दशः वाचून दाखवू नका. मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत दिसलं की चित्र आणि बोलणं यांच्या जोडीला तेच बोलणं पडद्यावर अक्षरांतही दिलं, तर शिकणं सुधारण्याऐवजी घटतं. डोळे वाचतात, कान ऐकतात आणि लक्ष दोघांत फाटतं. पण एक बटण मात्र तुम्हाला मनापासून आवडेल. स्लाइड शो चालू असताना बी दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबा, स्लाइड परत येते. रोल-प्ले किंवा गटचर्चा सुरू झाली की पडदा काळा करा आणि व्हाइटबोर्डकडे वळा. उजळलेला पडदा समोर असला की लोक एकमेकांकडे बघण्याऐवजी त्याच्याकडे बघत राहतात. एखाद्या स्लाइडवर उडी मारायची असेल तर तिचा क्रमांक टंकून एंटर दाबा. शो सुरू करायला एफ५, चालू स्लाइडपासून सुरू करायला शिफ्ट आणि एफ५. पॉवरपॉइंटमधलं एवढं आलं तरी तुमचं भागतं.

ऑनलाइन सत्रांना वेगळा सराव लागतो, कारण तिथे सहभागींना काय दिसतंय हे तुम्हाला दिसत नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. लॅपटॉपवर तुम्ही होस्ट, आणि तुमचाच मोबाइल दुसऱ्या नावानं सहभागी म्हणून आत घ्या. मोबाइलचा माइक आणि आवाज पूर्ण बंद ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून कर्कश शीळ घुमते. मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी उभा करा. ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ हा प्रश्न मग कुणालाच विचारावा लागत नाही. स्क्रीन शेअर करताना सगळा डेस्कटॉप न देता फक्त प्रेझेंटेशनची खिडकी निवडा, म्हणजे मध्येच आलेला खाजगी संदेश सर्वांना दिसत नाही. मात्र एक लक्षात ठेवा, खिडकी निवडली तर दुसरी फाइल उघडल्यावर ती त्यांना दिसणार नाही. शेअर बदलावं लागतं.

व्हिडिओला आवाज नसण्याचा प्रकार इथेही आहे, फक्त कारण निराळं. झूममध्ये शेअर करण्याच्या चौकटीत ‘शेअर साउंड’ हा पर्याय असतो. त्यावर खूण केली नाही तर व्हिडिओ फक्त तुम्हालाच ऐकू येतो आणि तिकडे मूकपट चालतो. गूगल मीटमध्ये व्हिडिओ ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडून तो टॅब शेअर करा आणि टॅबचा आवाज देण्याचा पर्याय चालू ठेवा. वेळेची मर्यादाही पाहून घ्या. झूमच्या मोफत खात्यात बैठक ४० मिनिटांत संपते, गूगल मीटमध्ये तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटांत. दोन तासांचं सत्र मोफत खात्यावर घ्यायला संस्था सांगत असेल, तर अडचण तुमच्यात नाही. सशुल्क खातं स्पष्ट शब्दांत मागा.

तुमचा रोल-प्ले ऑनलाइनही जिवंत राहतो, ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे बैठकीतूनच छोट्या गटांसाठी उघडता येणाऱ्या वेगळ्या खोल्यांत. तिघांचे गट करा: कर्मचारी, ग्राहक आणि निरीक्षक. खोलीत पोचून एकमेकांना ऐकू येतंय का हे पाहण्यातच पहिली दीड-दोन मिनिटं जातात, म्हणून पाच मिनिटांचा रोल-प्ले हवा असेल तर आठ मिनिटं द्या. इथे बहुतेकांची फजिती सूचनांमुळे होते. लोक खोल्यांत गेले की मुख्य बैठकीतली तुमची स्लाइड त्यांच्यासमोरून जाते, आणि ‘नक्की काय करायचं होतं?’ यातच वेळ संपतो. खोल्या उघडण्याआधी सूचना एका स्लाइडवर द्या: प्रसंग, कोण कोणती भूमिका करणार, किती वेळ, परत आल्यावर कोण बोलणार. सगळ्यांना तिचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा, आणि एकाला ती मोठ्यानं वाचायला लावा. मगच खोल्या उघडा.

पंधराहून जास्त माणसं असतील तर एकट्यानं ऑनलाइन सत्र घेऊ नका. उशिरा आलेल्यांना आत घेणं, चॅट वाचणं, खोल्या उघडणं आणि त्याच वेळी शिकवणं, हे मुरलेल्या प्रशिक्षकालाही जड जातं. संस्थेकडे सहहोस्ट मागा. तांत्रिक सगळं त्याच्याकडे, शिकवणं तुमच्याकडे. आणि हो, संस्थेशी बोलणार आहातच तर आणखी दोन गोष्टी मांडा: सभागृह सत्राआधी ४५ मिनिटं उघडून मिळावं, आणि प्रत्येक सत्रात स्लाइड, व्हिडिओ आणि मतदान तिन्ही असलंच पाहिजे ही अट सैल व्हावी. कोणत्या मुद्द्याला काय लागतं हे ठरवण्याचा हक्क प्रशिक्षकाकडे असायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता, इतकं करूनही काहीतरी अडलंच तर. स्वतःला दोन मिनिटं द्या, घड्याळ लावून. पण त्या दोन मिनिटांत सभागृह रिकामं बसता कामा नये. पत्रातल्या त्या दहा मिनिटांचा त्रास बिघाडापेक्षा पंचवीस जोड्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघत राहण्याचा जास्त होता. म्हणून सत्राच्या प्रत्येक भागासाठी एक छोटं काम आधीच लिहून ठेवा: ‘शेजाऱ्याला सांगा, ग्राहक म्हणून तुम्हाला शेवटचा राग कधी आला होता आणि समोरच्यानं काय केलं असतं तर तो उतरला असता.’ हे सांगायचं, लोक बोलू लागतात, तुम्ही पुठ्ठा काढून क्रम तपासायचा. दोन मिनिटांत नाही सुटलं तर लॅपटॉप मिटा. ‘चित्र नंतर पाहू, मुद्दा इथेच घेऊ’ एवढंच म्हणून व्हाइटबोर्डवर सुरू करा. त्यासाठी व्हिडिओतला प्रसंग चार ओळींत कागदावर लिहिलेला हवा, म्हणजे दोन सहभागी तो उभं राहून वाचून दाखवू शकतात. माफी एकदाच मागा. वारंवार ‘मला यातलं काही कळत नाही हो’ म्हणत राहिलात, तर ज्या विषयात तुम्हाला सगळं कळतं त्याबद्दलही लोकांच्या मनात शंका येऊ लागते.

आणि कुणी तरुण उठून मदत करू लागला तर आनंदानं करू द्या. त्याहून चांगलं, सुरुवातीलाच विचारा: ‘आज प्रोजेक्टर आणि आवाजाकडे कोण लक्ष देईल?’ दोन हात हमखास वर येतात. मग बिघाड झाला की तो माणूस आपल्या कामाला उठतो, तुमची सुटका करायला नाही. हा फरक खोलीतल्या सगळ्यांना जाणवतो.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात टीव्हीवरचा सराव. पहिल्या सत्रात फक्त स्लाइड आणि बी बटण. दुसऱ्यात एक व्हिडिओ. तिसऱ्यात मतदानाचा एक प्रश्न, कार्डं पिशवीत ठेवून. चौथ्यात असे तीन प्रश्न. ऑनलाइनसाठी याच्या समांतर घरच्या किंवा ऑफिसातल्या दोघांना घेऊन अर्ध्या तासाची रंगीत तालीम करा, ब्रेकआउट रूमसकट. प्रश्न तयार करायला एखादं एआय साधन वापरलंत तरी चालेल. पर्यायांचा कच्चा खर्डा ते पटकन देतं, फक्त प्रत्येक ओळ तुम्ही तपासा आणि प्रशिक्षणार्थींची नावं किंवा तक्रारी त्यात घालू नका.

सत्र संपल्यावर आवराआवरीला पाच मिनिटं ठेवा. प्रोजेक्टर रिमोटनं बंद करा आणि त्याचा पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नका, दिव्याला निवायला वेळ लागतो. सभागृहाचा संगणक वापरला असेल तर ईमेलमधून लॉगआउट व्हा. कुठे अडलात ते पुठ्ठ्याच्या मागे एका ओळीत लिहा. आणि निघण्याआधी लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टकडे एकदा पाहा. लॅपटॉप संस्थेचा असेल तर पेनड्राइव्ह आणि क्लिकरचा नखाएवढा रिसीव्हर नेमके तिथेच राहून जातात.